गिन्का आत्याच्या स्वयंपाकघरातला कॅमेरा

मी जे सांगते आहे ते माझ्या घरात घडलेलं आहे. कोणी म्हणेल रचलंय. म्हणू दे.

माझं नाव स्नेझाना. व्हिदिन या आमच्या गावात, बाजाराच्या मागच्या गल्लीत माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. बंद पडलेल्या डिस्कमधून लोकांच्या फाइली काढून देणं हे माझं काम. वीस वर्षं करतेय. भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता.

आणि ती रात्रही नव्हती.

दोन वर्षांपूर्वीचा आठ नोव्हेंबर. बुधवार. दुपारचे सव्वातीन. बाहेर लख्ख ऊन होतं, समोरच्या फुटपाथवर दोन बायका मिरच्यांच्या पोत्यावरून हुज्जत घालत होत्या.

पण आधी गिन्का आत्याबद्दल सांगते.

ती माझ्या वडिलांची सख्खी बहीण. शर्टांच्या कारखान्यात तीस वर्षं कॉलर शिवल्या. नवरा लवकर गेला. एकच मुलगा, ओग्न्यान. माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा. आमच्या गावातले निम्मे लोक जसे गेले, तसा तोही गेला. स्पेनला, सारागोसाच्या एका गोदामात.

जाताना त्यानं आईसाठी दोन वस्तू घेतल्या. एक काळी पेटी, आत दोन हार्डडिस्क, घरच्या इंटरनेटला जोडलेली. त्यात घरातले सगळे फोटो, वडिलांचा एकुलता एक व्हिडिओ. आणि दुसरा, स्वयंपाकघरातल्या भिंतीवर लावायचा कॅमेरा. समोर काही हललं की तो आपोआप रेकॉर्डिंग सुरू करायचा आणि पेटीत साठवायचा. ओग्न्यान फोनवर बघू शकायचा.

"आईवर लक्ष राहील," तो म्हणाला.

जोडणी मी करून दिली. आत्या खुर्चीवर बसून कॅमेऱ्याकडे संशयानं बघत होती.

"यातून तो मला बघणार?"

"बघणार आणि ऐकणार पण. तू नुसतं इकडे तोंड करून बोल."

"आणि तो बोलला तर?"

"ते नाही ऐकू येणार. पण तो ऐकत असेल."

हे मी सांगितलं तिला. माझ्या तोंडानं.

ओग्न्यानने जेमतेम महिनाभर बघितलं. मग त्यानं फोन बदलला, पासवर्ड विसरला. मला म्हणाला, बघू नंतर. ते नंतर कधी आलंच नाही. आत्याला आम्ही दोघांनीही काही सांगितलं नाही.

सहा वर्षं गेली.

त्या वर्षी मेच्या अकरा तारखेला शेजारच्या तोताबाईंना वास आला. दार फोडलं. आत्या स्वयंपाकघरात फरशीवर होती. डॉक्टर म्हणाला, दोन दिवस झाले असतील, झटका आला, तिला कळलंसुद्धा नसेल.

माझं घर तिथून दोन गल्ल्यांवर आहे.

ओग्न्यान आला, माती दिली, गेला. जूनमध्ये पुन्हा येऊन घर रिकामं केलं. खुर्च्या, टेबल तोताबाईंना दिलं. वीज तोडून मीटरला सील लावून घेतलं. पेटी आणि कॅमेरा एका खोक्यात भरून तळघरात ठेवला.

नोव्हेंबरमध्ये आत्याला जाऊन सहा महिने होत होते. आमच्याकडे सहा महिने झाले की मेलेल्या माणसाचा फोटो कागदावर छापून दारावर, खांबांवर, बसथांब्यावर चिकटवतात. मातीच्या वेळी लावलेल्या कागदावर ओळखपत्रावरचा फोटो होता, त्यात आत्या पोलीस ठाण्यात बसल्यासारखी दिसत होती. चांगला फोटो कोणाकडेच नव्हता. जे होते ते पेटीत.

आणि पेटी सुरू होत नव्हती.

ओग्न्यानने शुक्रवारी ते खोकं माझ्या टेबलावर आणून ठेवलं. मी वायर लावली. दोन्ही दिवे लाल.

टक... टक... टक...

"काय वाजतंय?"

"डिस्क मेलीये. एक तरी नक्की. दोन्हींवर एकच माल असतो, दुसरी थोडी जिवंत असली तर निघेल."

"मला फोटो पाहिजे फक्त. आणि बाबांचा व्हिडिओ. माझ्या मुलीनं आजोबांचा आवाज ऐकलेला नाही."

मी डिस्का बाहेर काढल्या. पहिली गेलीच होती. दुसरी अडखळत वाचत होती. अशा वेळी एकच करायचं असतं, तिच्यावर ताण न देता, कण कण करून सगळा माल दुसऱ्या चांगल्या डिस्कवर उतरवायचा. चार दिवस लागले. मंगळवारी सकाळी उतरवून झालं. जुनी डिस्क मी काढून पाकिटात घालून ठेवली. पुढचं सगळं नव्या डिस्कवर.

हे लक्षात ठेवा, कारण मला स्वतःला ते पुन्हा पुन्हा आठवावं लागतं.

बुधवारी पावणेतीनला ओग्न्यान आला. फोटो निघाले होते. वडिलांचा व्हिडिओ अर्धाच निघाला, त्यात ते फक्त खोकून "सुरू झालं का?" एवढंच विचारत होते. ओग्न्यानने तो तीनदा लावला.

मग त्यानं आत्याचा एक फोटो निवडला. अंगणात मिरच्या भाजताना, तोंडाला काजळी, हसणारी.

"हा दे. बाकी त्या कॅमेऱ्याचा कचरा पुसून टाक."

"बघायचं नाही तुला?"

"काय बघू? ती भांडी घासताना?"

"सहा वर्षांचं आहे, ओग्न्यान."

"सहा वर्षं तू इथंच होतीस ना?" त्यानं फोटोवरची नजर काढली नाही. "दोन गल्ल्या. मी दोन हजार किलोमीटरवर होतो. तुला एकदा जिना चढता आला नाही."

"आणि तुला एक पासवर्ड मागता आला नाही."

त्यानं पेनड्राइव्ह उचलला आणि गेला. दाराची घंटी वाजली.

मी रागात होते. पुसायलाच बसले होते. पण फोल्डर उघडलं आणि हात थांबला.

दर दिवसाचं एक फोल्डर. नाव म्हणजे तारीख. सहा वर्षं, एकही दिवस सुटलेला नाही. आणि प्रत्येकात एक फाइल हमखास दुपारी तीनची.

मी मधलीच एक लावली.

आत्या येऊन खुर्चीवर बसली. केस विंचरलेले. कपात चमचा फिरवला. किण... किण... किण. मग कॅमेऱ्याकडे बघितलं.

"ओग्न्यान, आज वांगी आणली. निम्मी किडकी निघाली. त्या बाजारवालीला उद्या बघते. तू जेवलास का? जेवला असशील. त्या स्नेझानाला बघितलं आज, खालून गेली. वर मान करून बघेल तर शपथ. पायाला चाकं लावलीत तिच्या. तू तिला काही बोलू नकोस हं, वाईट वाटेल तिला."

दुसरी लावली. तिसरी. पाऊस, गुडघा, मालिकेतली सून, तोताबाईंचं मांजर. प्रत्येकाच्या शेवटी एकच वाक्य.

"बरं, जा कामाला. ऐकलंस, बरं वाटलं."

मी मेवर गेले. जायला नको होतं.

सात मे, दुपारी तीन. आत्या खुर्चीवर बसली आहे. तोंड एका बाजूला ओढलेलं. शब्द जड.

"ओग्न्यान... डावा हात उचलत नाहीये. उठता पण येईना. स्नेझानाला फोन कर रे. तिला म्हणावं, ये जरा."

ती कॅमेऱ्याकडे बघत राहिली. खिडकी उघडी होती. खाली बेकरी आहे. खालून कोणीतरी जोरात हसलं, बेकरीवाल्याशी काहीतरी बोललं.

तो आवाज माझा होता.

आत्यानं मान खिडकीकडे वळवली. हाक मारायचा प्रयत्न केला. आवाज निघाला नाही. मग परत कॅमेऱ्याकडे बघून, अगदी समजुतीनं म्हणाली,

"आली बघ. सांगितलंस तू. आता येईल वर."

मी आले नाही. मी पाव घेतला आणि घरी गेले.

आठ मे. खुर्ची आडवी पडलेली. चित्राच्या खालच्या कडेला फक्त बोटं दिसतात. हलतात.

"ओग्न्यान... सांगितलंस ना तिला?"

नऊ मे. बोटं. आवाज नाही. बोटं फरशीवर एकदा वाजतात... आणि मग थांबतात.

पुढचं काही नसणार, असं धरूनच मी यादी खाली सरकवली.

यादी थांबली नाही.

दहा मे. अकरा मे. बारा... तेरा... आत्याला माती दिली तो चौदा मे. जून. जुलै. ऑगस्ट.

पेटीतलं घड्याळ बिघडतं कधीकधी, तारखा चुकतात. मी ते गिऱ्हाइकांना रोज सांगते. स्वतःलाही सांगितलं आणि वीस मेची फाइल लावली.

रिकामं स्वयंपाकघर. उभी खुर्ची. समोर काही हलल्याशिवाय तो कॅमेरा सुरू होत नाही. मी डोळे फाडून बघितलं.

काहीही हलत नव्हतं.

आणि मग...

किण... किण... किण.

टेबलावर कप नव्हता.

जूनच्या शेवटी टेबलही नव्हतं. भिंतीवर फक्त त्याचा डाग. चमचा वाजतच होता. जुलैपासून चित्र पूर्ण काळं. खोक्यात, तळघरात, वायर नसलेला कॅमेरा. त्या काळोखात रोज दुपारी तीनला तोच आवाज. बोलणं नाही. नुसता चमचा. मग ऐकत बसल्यासारखी शांतता.

सर्वांत खाली शेवटचं फोल्डर होतं.

आठ नोव्हेंबर. आजचं.

डिस्क मी मंगळवारी उतरवून काढून ठेवली होती. कॅमेरा माझ्या पायाशी खोक्यात होता, त्याची वायर त्याच्याच भोवती गुंडाळलेली.

फाइल दुपारी तीनची. भिंतीवरचं घड्याळ सव्वातीन दाखवत होतं.

मी लावली. काळोख. किण... किण... आणि मग एक बाप्या माणसाचा आवाज, खोक्याच्या आतून ऐकू यावा तसा, दबका.

"बाकी त्या कॅमेऱ्याचा कचरा पुसून टाक."

चमचा थांबला.

त्यापुढे आमचं भांडण होतं, शब्दन् शब्द. दाराची घंटी. मग माझा एकटीचा श्वास. आणि त्या श्वासाच्या अगदी जवळ... दुसरा एक. जड, एका बाजूनं ओढलेला.

मी दुकान उघडं टाकून बाहेर आले. त्या दोन बायका अजून मिरच्यांवरून भांडत होत्या. मी त्यांच्याजवळ जाऊन उभी राहिले. त्यातली एक म्हणाली, "तुला काय हवंय?"

दुसऱ्या दिवशी ओग्न्यान छापलेले कागद घेऊन आला. माझा राग गेला असं समजून जरा नरम होता.

"त्या कॅमेऱ्यात काही होतं का? शेवटचं वगैरे?"

"खराब झालंय सगळं. एप्रिलनंतरचं काही निघालं नाही."

"झटक्यात गेली असेल म्हणा. डॉक्टर म्हणालाच."

"हो. कळलंही नसेल तिला."

शनिवारी आम्ही कबरीवर गेलो. उकडलेले गहू वाटले, मातीवर वाईन ओतली. ओग्न्यान रडला. मला रडायची लाज वाटली. तोताबाई माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "खुर्ची घेऊन जा बाई तुमची. मला नको ती." का ते मी विचारलं नाही.

ओग्न्यान सारागोसाला गेला.

जानेवारीत त्याचा फोन आला. दुपारीच.

"स्नेझाना, तो कॅमेरा कुठंय?"

"माझ्या कपाटात. का?"

"चालू केलायस?"

"वायर पण लावलेली नाही. काय झालं?"

त्याच्या मागे गोदामातल्या गाड्यांचा आवाज.

"रोज दोन वाजता माझा फोन वाजतो. म्हणजे तुमच्याकडे तीनला. वर लिहून येतं, स्वयंपाकघरात हालचाल. खाली बटण असतं, बघा म्हणून."

"उघडलंस?"

"नाही. हा फोन नवा आहे गं. त्यात मी ते काही टाकलेलंच नाही." त्याचा आवाज लहान झाला. "उघडू का?"

तिथं काय विचारलं जाईल ते मला माहीत होतं. सांगितलंस ना तिला?

"नको," मी म्हणाले.

"का नको? तुला काहीतरी माहितेय."

मी फोन ठेवला. त्यानंतर आम्ही बोललेलो नाही. फोन अजून वाजतो का, त्यानं कधी उघडून बघितलं का, मला ठाऊक नाही.

फाइली मी पुसल्या नाहीत. पुसणार कशा? कॅमेरा कपाटात आहे, कपाटाला कुलूप आहे. पावणेतीन झाले की मी दुकान बंद करते, नदीवर जाते, चार वाजेपर्यंत फिरते. थंडी असो, काही असो. लोकांना वाटतं, डॉक्टरनं चालायला सांगितलंय.

तीन वाजता त्या कपाटापाशी मी आजवर एकदाही थांबलेले नाही.