जोडहोडीची चाकं

आधीच सांगतो, विश्वास ठेवायचा तर ठेवा. हे माझ्या सख्ख्या मामाच्या बाबतीत घडलंय, आणि रघूमामा थापा मारणारा माणूस नव्हता. म्हणजे... आयुष्यात एकच मोठी थाप मारली त्याने. तीच सांगतोय.

साल २००३, जानेवारी महिना. मुरबाड तालुक्यात, सिद्धगडाच्या बाजूला एका तलावाकाठी मुंबईच्या एका मालकाचा बंगला होता. रघूमामा आणि त्याचा लहानपणापासूनचा दोस्त चांगो, दोघं तिथे कामाला.

मालकाची एक शिडाची होडी होती. दोन लांब पोकळ अंगं, मधे जाळी. मालक तिला कॅटामरान म्हणायचा, हे दोघं जोडहोडी. वजन पावणेदोनशे किलो. शेडमधून पाण्यापर्यंत न्यायची तर खाली दोन फुगीर रबरी चाकं लावायची. ती चिखलातही रुतायची नाहीत. मामा पुढून ओढायचा, चांगो मागून ढकलायचा.

चाकांशिवाय ती एका माणसाला फार तर हातभर सरकायची.

जवळच्या म्हसा गावची जत्रा लागली होती. मामाच्या मेव्हण्याचं तिथे घोंगड्यांचं दुकान. मैदानात गाठोडी ओढायला म्हणून मामाने ती चाकं गुपचूप टेम्पोत टाकली.

"मालकानं विचारलं तं?" चांगो म्हणाला.

"सांग हवा भराया नेलीत. दिस बुडायच्या आत येतो."

त्याच दुपारी मालकाचा पाहुणा पोहायला उतरला आणि खोल पाण्यात दमला. ओरडायला लागला.

चांगो आधी शेडकडे धावला असणार. होडी नुसतीच ओढून पाहिली असणार. हातभर सरकल्याच्या खुणा मातीत होत्या, मामाने त्या नंतर पाहिल्या.

मग तो तसाच पोहत गेला. पाहुण्याला त्याने उथळात आणून सोडलं. स्वतः वर आला नाही.

मामा परतला तेव्हा सगळे काठावर चांगोला शोधत होते. शेडकडे कुणाचं लक्ष नव्हतं. मामाने काय केलं? आधी चाकं होडीखाली लावली. पायाने खुणा पुसल्या. मग रडत काठावर गेला.

मालकाने विचारलं, "होडी होती, चाकं होती. मग हा पोहत का गेला?"

मामा म्हणाला, "प्यायला होता, साहेब."

चांगो सणासुदीलाही थेंब घ्यायचा नाही. पण जत्रेचे दिवस होते, लोकांना पटलं.

बाराव्यानंतर चार दिवसांनी मालकाचा फोन आला, होडी पाण्यात उतरवून ठेव.

मामा एकटाच होता. भर दुपार. त्याने पुढची दांडी उचलली, ओढली. शेडपासून पहिली वीस पावलं चढ आहे. होडी हलेना. पुन्हा ओढली...

होडी चालायला लागली.

हलकी. मागून कुणी ढकलावी तशी.

आणि मग आवाज आला... धाप लागल्याचा. नाकातोंडात पाणी गेलेला माणूस श्वास घेतो, तसा.

मामाने मान वळवली नाही. "भीती नंतर वाटली रे," तो मला म्हणाला. "आधी लाज वाटली. त्याच्याकडं बघू कसा?"

काठ आला. मामा थांबला.

होडी थांबली नाही...

दांडी पाठीत रुतत होती. पाणी घोट्याला लागलं. गुडघ्याला. कमरेला.

"चांगो, चुकलं माझं. सांगतो. राहीला सगळं सांगतो."

होडी थांबली.

वळून पाहिलं तर मागे कुणी नव्हतं. चाकांच्या दोन रेघा, मधे मामाचीच पावलं. फक्त शेडपासून काठापर्यंतची कोरडी माती... ओली झाली होती.

भिजल्या कपड्यांनी तो तसाच राहीकडे गेला. राही म्हणजे चांगोची बायको. ओट्यावर तांदूळ पाखडत होती. मामाला पाहून तिने सूप खाली ठेवलं.

"बरं झालं आलात, भावजी. तुमालाच विचारायचं होतं."

"काय, वैनी?"

"हे गेल्यापासून रोज दुपारी दारात आवाज येतो. यांचाच. 'रघू आला का चाकं घेऊन?' येवढंच. बाहेर येते तं कोण नाय." तिने पदराने डोळे पुसले. "लोक बोलतात, पिऊन बुडला. पोरीच्या सासरी पण तेच कानावर गेलं. मला तोंड दाखवायची सोय नाय राहिली. कसली चाकं, भावजी? तुमाला काय ठाऊक हाय?"

मामाने तोंड उघडलं. सगळं ओठांवर आलं होतं.

"मला नाय माहीत, वैनी," तो म्हणाला.

हे सगळं त्याने मला २००७ साली अंथरुणावर पडल्यापडल्या सांगितलं. मी भडकलो. इतकी वर्षं त्या बाईला दारुड्याची बायको म्हणून जगू दिलंस, तुला काहीच कसं वाटलं नाही? मामाने भिंतीकडे तोंड केलं. पंधरा दिवसांत तो गेला.

मग मी ठरवलं, आपण सांगायचं. ठरवण्यातच बरीच वर्षं गेली. गेल्या महिन्यात राहीमामीकडे मुद्दाम थांबलो. तिने चहा केला.

"तुझा मामा लई चांगला होता रे," म्हणाली. "यांच्या मागं तोच काय तो यायचा."

मी कप खाली ठेवला. बोलायला लागणार तोच तिने हात वर करून मला गप्प केलं. दाराकडे कान दिला...

मला काहीच ऐकू आलं नाही.

मामी मात्र दाराकडे बघून, घरच्या माणसाला सांगावं तसं शांतपणे म्हणाली, "नाय आला अजून."

मी मान खाली घातली. चहा संपवला आणि उठलो.

अजून सांगितलेलं नाही.