भोंगा दोनदा वाजवा

"वर या. आत्ताच्या आत्ता. आणि कोणाला काही बोलू नका."

साहेबांचा फोन एवढाच. फौजदारबाईंनी डबा बंद केला. पोलिसातून निवृत्त झाल्यावर त्या या कंपनीत सुरक्षा-अधिकारी म्हणून आल्या होत्या. त्यांचं खातं म्हणजे एक खोली, एक खुर्ची आणि खिडकीबाहेर भिंत. "जेवलात का?" असं विचारणारं तिथे कोणी नव्हतं, त्यामुळे डबा अर्धा राहिला तरी कोणाला कळणार नव्हतं.

वर साहेब येरझारा घालत होते.

"आपण काय बनवतो, माहीत आहे ना?"

"कमी दिवसांच्या बाळांची काचेची पेटी. ऊब देणारी."

"पेटी नाही, पेटीचा मेंदू. प्रोग्रॅम. विकत घेण्याआधी इस्पितळाच्या तपासनिसांनी तो ओळ न् ओळ वाचला. आणि हे सापडलं."

पडद्यावर लिहिलं होतं: 'भोंगा दोनदा वाजवा. पहिल्यांदा नर्स म्हणते, "आले हं." दुसऱ्यांदा खरंच येते.'

फौजदारबाईंच्या ओठांचा कोपरा हलला. साहेबांचा नाही.

"हे यंत्राला कळतं?"

"नाही. याला कॉमेंट म्हणतात. यंत्र ती ओलांडून पुढे जातं. पुढच्या माणसासाठी लिहून ठेवतात, इथे काय केलंय, का केलंय. चेष्टेची जागा आहे का ही? तिकडे नर्सा भडकल्यात, करार हातचा जातोय. अशा आणखी चार ओळी निघाल्या. सगळ्या गेल्या महिन्यातल्या, सगळ्या धाकटीच्या नावावरच्या कामात."

धाकटी म्हणजे सगळ्यात नवी प्रोग्रॅमर. अजून कायम झाली नव्हती.

"ती म्हणते, मी लिहिलं नाही. संध्याकाळी तिला काढतोय. तेवढं पक्कं करून द्या."

"म्हणजे उत्तर तयार आहे, मी फक्त प्रश्न शोधायचे."

साहेबांनी दाराकडे बोट केलं.

धाकटी कोपऱ्यातल्या टेबलाशी बसली होती. खुर्चीवर विटकी उशी. कोणाच्या तरी पाठीचा खळगा तिच्यात अजून तसाच होता.

"उशी तुझी?"

"बुवांची. माझ्या आधी हे काम तेच करायचे. टेबलही त्यांचंच. थंडीत वारले ते. मी त्यांना पाहिलंच नाही."

"विनोद करतेस?"

"करते. पण बोलताना. कामात नाही." तिचा आवाज फुटला. "बाई, मी स्वतः असल्याच पेटीत वाढले. दीड महिना. इथून असं काढलं तर बाळांच्या यंत्राला मला पुन्हा कोण हात लावू देईल?"

"रड नंतर. आधी सांग, तुझं काम आत जातं कसं?"

"मी लिहायचं, कात्रीबाईंनी तपासायचं. त्यांची सही झाली की कुलूप. मग कोणालाच काही घालता येत नाही."

"आणि सहीच्या आधी?"

"चुकलंमाकलं अक्षर त्या तिथल्या तिथे सुधारतात. तेवढ्यासाठी परत पाठवत नाहीत."

"तेव्हा नाव कोणाचं लागतं?"

"माझंच. काम माझं ना."

"पास झालेलं तू पुन्हा वाचतेस?"

"एकदा सुटलेलं पुन्हा कोण वाचतं?" मग तिने डोळे पुसले. "एक मात्र कळत नाही. भोंगा कुठला? आपल्या पेटीत बारीक सूर वाजतो. मी आल्यापासून तोच आहे."

चाचणीवाले काका तळघरात होते. समोर काचेची पेटी, पेटीत रबरी बाहुली. काका तिचं तापमान मोजत होते. दिवसभर तेच. बाहुलीशी बोलायची सवय लागली होती त्यांना.

फौजदारबाईंनी ओळ वाचून दाखवली. काका इतके हसले की चष्मा काढावा लागला. मग तो हातात घेऊन नुसते बसून राहिले.

"हे बुवाचं आहे हो. अगदी त्याचंच."

"आधी ऐकलं होतं?"

"नाही ना! इथेच बसून जेवायचो आम्ही. एखादा चुकून पास झाला की तो विनोद मला वाचून दाखवायचा. कापलेला कधीच नाही. म्हणायचा, गेलेल्यांची चेष्टा करू नये."

"कापलेल्यांचं काय व्हायचं?"

"पुसतात. त्याच दिवशी. सही झाली नाही तो मसुदा ठेवायचाच नाही, नियम आहे."

"आणि भोंगा?"

"केव्हाच काढला. बाळं दचकतात म्हणून बुवाच मागे लागला होता." काकांनी बाहुलीचं टोपडं सारखं केलं. "आता जेवताना मी हिलाच काहीबाही सांगतो. हसत नाही हो मेली."

कात्रीबाईंची खोली बोळाच्या टोकाला होती. टेबल लख्ख. फोटो नाही, रोप नाही. समोरच्या माणसासाठी खुर्चीसुद्धा नाही.

"विनोदांशी तुमचं वैर आहे म्हणतात."

"वैर नाही, नियम आहे. ही ओळ कोण वाचतं, ठाऊक आहे? पेटी बंद पडलीय, बाळ निळं पडलंय, वाचणाऱ्याचे हात थरथरतायत. त्याला हसवायचं?"

"बुवा काय म्हणायचे?"

"तो म्हणायचा, नुसती सूचना माणूस विसरतो, हसलेलं विसरत नाही."

"भांडण व्हायचं?"

"अकरा वर्षं. रोज."

"समोरासमोर?"

"मसुद्याच्या कडेला. तो लिहायचा, मी कापायची, तो विचारायचा, का? मी कारण लिहायची." बाईंची नजर पडद्यावरच होती. "बोलायची वेळ आली नाही."

"दुसरी एक ओळ सापडलीय. 'इथला तीन सेकंदांचा थांबा काढू नका. घाई कसली? आतल्या बाळाला कुठे कामावर जायचंय?'"

"ऑफिस गाठायचंय," कात्रीबाई म्हणाल्या.



फौजदारबाई दारातच थांबल्या. "संध्याकाळी साहेबांकडे या."

संध्याकाळी साहेबांच्या खोलीत चौघं जमली. धाकटी दाराजवळ, कात्रीबाई खिडकीपाशी, काका मध्ये. फौजदारबाई उभ्याच राहिल्या.

"साहेब, पहिला प्रश्न तुम्हीच विचारायला हवा होता. कात्रीबाईंच्या हातून पाच विनोद सुटले कसे?"

"नजरचूक."

"एक सुटला तर नजरचूक. पाच सुटले, म्हणजे धाकटीने दिलेल्या कामात ते नव्हतेच. सहीनंतर कोणाला काही घालता येत नाही. म्हणजे ते धाकटीने काम दिल्यावर आणि सही होण्याआधी आत आले. तेवढ्या वेळात ते काम एकाच टेबलावर असतं."

फौजदारबाई दोन पावलं पुढे आल्या.

"आता लिहिले कोणी? ओळीत भोंगा आहे. धाकटीने तो कधी ऐकलाच नाही. म्हणजे विनोद जुना, बुवांचा. पण काकांना तो माहीत नव्हता, म्हणजे पास न झालेला. कापलेला विनोद त्याच दिवशी पुसला जायचा. म्हणजे तो दोनच माणसांनी पाहिला असणार, लिहिणाऱ्याने आणि कापणाऱ्याने. लिहिणारा गेला."

"अशक्य!" साहेब म्हणाले. "या? अहो, यांनी उभ्या आयुष्यात…"

"तीन सेकंदांची ओळ तुम्ही कोणाला दाखवली होती?"

"तुमच्याशिवाय कोणालाच नाही."

"मी ती मुद्दाम चुकवून वाचली. यांनी मान वर न करता दुरुस्त केली."

कात्रीबाई खिडकीबाहेर बघत होत्या.

"बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "मीच घातल्या."

"पण का?"

"तो गेल्यावर मसुदे अगदी स्वच्छ येऊ लागले. कापायला काही नाही. का, असं विचारणारं कोणी नाही. काम त्याच टेबलावरून यायचं. एके दिवशी हात आवरला नाही." त्यांनी पदराने काच पुसली, उगाचच. "हजारो सूचना पास केल्या मी. एकही आठवत नाही. त्याचे कापलेले विनोद मात्र सगळे पाठ आहेत, शब्दन् शब्द. त्याचंच खरं होतं, आणि ते सांगायला तो नाही."

"आणि ही पोरगी?" फौजदारबाईंचा आवाज कडक झाला. "दिवसभर हिच्या नोकरीवर टांगती तलवार होती."

"मी सांगणार होते."

"सगळे असंच म्हणतात."

कात्रीबाई वळल्या, धाकटीसमोर जाऊन उभ्या राहिल्या. "चुकले मी. माझ्या दुःखाला तुझं नाव लावलं. साहेब, इस्पितळाला माझं नाव कळवा, आणि माझा सहीचा अधिकार काढून घ्या."

साहेब खुर्चीत बसले. मग त्यांनी निकाल दिला. धाकटी कायम. नर्सांची माफी कात्रीबाईंनी स्वतः जाऊन मागायची. आणि त्या पाच ओळींचं काय करायचं ते धाकटीने ठरवायचं, सही तिची.

फौजदारबाई निघाल्या तेव्हा बोळातले दिवे मालवत होते. कोपऱ्यातल्या टेबलाशी कात्रीबाई परक्यासारख्या उभ्या होत्या. धाकटी वाचत होती.

"नर्सची काढते. दमलेल्या बायकांवर आहे ती."

"काढ."

"तीन सेकंदांची ठेवते. आधी सूचना आहे, हसू मागून येतं. निळ्या बाळापाशी उभं राहिलेल्यालाही चालेल."

"का?" कात्रीबाईंनी विचारलं. हा शब्द त्यांच्या तोंडी नवा होता. "नीट कारण दे."

"देते. पण खुर्ची आणा, बसा तरी."

फौजदारबाई जिना उतरल्या. वरून हसू ऐकू आलं, गंजलेली कडी निघावी तसं. धाकटीचं हसू त्यांनी दुपारी ऐकलं नव्हतं, पण हे तिच्या वयाचं नव्हतं. काका केव्हाच घरी गेले होते. म्हणजे उरलं एकच माणूस.

आपल्या खोलीत येऊन त्यांनी डबा उचलला. नर्सची ओळ तोंडात घोळत होती. घरी जाऊन सांगावी अशी होती. कुलपाची किल्ली हाताला लागली, तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, सांगायची कोणाला.

जरा थांबून त्या पुन्हा जिना चढू लागल्या.