तीर्थाची पळी

"दे गं... एकच गोळी दे! पाया पडतो तुझ्या!"

यज्ञेश्वरपंत, पेशव्यांच्या फडावरचे मानी कारकून, ज्यांना फडणिसाच्या हाताखालचे लोकसुद्धा वचकून असत, ते माजघरात गुडघे पोटाशी घेऊन चक्क बायकोपुढे हात जोडत होते! मथुरेच्या काळजाचं पाणी पाणी झालं. अफूची डबी तिच्या कनवटीलाच होती... पण मुतखडा चिरून काढणाऱ्या म्हाताऱ्या जर्राहानं फौजेबरोबर जाताना बजावलं होतं, "बाई, मी येईतो अफू देऊ नका. अंगाला सवय लागली तर चिरताना चढायची नाही. जागेपणी ही चिरफाड कुणाला सोसत नाही." हा खडा काढणारा दुसरा कुणी पुण्यात नव्हता. म्हणून ती बिचारी फडकी तापवून शेकत होती, गोखरूचा काढा पाजत होती, आणि डबी तेवढी उघडत नव्हती.

"दगड आहेस गं तू!" सासूबाई देवघरातून कळवळून ओरडत. "माझा पोटचा गोळा तळमळतोय, आणि तुझ्या डोळ्यांत टिपूस नाही!"

टिपूस राहील कुठून? आडावर पाणी शेंदताना, रहाटाच्या आवाजात, ती सगळं रडून येत होती!

आणि नेमका त्यातच तिला कावळा शिवला. आता परसातल्या खोलीत बसायचं, कुणाला शिवायचं नाही, माजघराचा उंबरा ओलांडायचा नाही! तिनं डबी भुईवर ठेवली. सासूबाईंनी पाणी शिंपडून उचलली.

"देऊ नका हं, सासूबाई... हात जोडते!"

"मला नको शिकवूस. आई आहे मी त्याची."

भिंतीपलीकडे नवरा विव्हळतोय, आणि आपल्याला त्याच्या कपाळावर हातसुद्धा ठेवता येऊ नये! मथुरेनं पदर तोंडात कोंबला. पण दुसऱ्याच दिवशी ते कण्हणं थांबलं. सासूबाई दारातून म्हणाल्या, "कसब्याच्या गणपतीचं तीर्थ देतेय दोन्ही वेळा. श्रद्धा लागते हो त्याला!" मथुरेनं कोपऱ्यातूनच देवाला दंडवत घातला.

न्हाऊन घरात आली तेव्हा डबी परत मिळाली, गोळ्या जशाच्या तशा. तीर्थ मात्र चालूच राहिलं. पुढं एका पळीनं भागेना, तेव्हा दोन झाल्या. वेळ टळली की पंत घामाघूम होऊन आईला हाका मारत, आणि मथुरा मनात म्हणे, केवढी ही भक्ती!

अखेर फौज परतली, जर्राह आला. त्यानं एक गोळी दिली, दुसरी दिली... पंतांचे डोळे टक्क उघडे! म्हाताऱ्यानं कपाळाला हात लावला.

"चढत नाही. कुणी दिली होती? आता थांबताही यायचं नाही, लघवी कोंडलीय. जागेपणीच चिरावं लागेल."

मथुरेची नजर दाराकडे गेली. सासूबाईंच्या हातातली पळी लटलटत होती, तीर्थ उंबऱ्यावर सांडत होतं... आणि तिला सगळं कळलं! जो माणूस आता जागेपणी सुरीखाली जाणार, त्याच्यापाशी निदान आईची माया तरी राहू दे, एवढंच तिच्या मनात आलं.

"मी दिली," ती म्हणाली. "जेवणातून. हाल बघवले नाहीत."

"तू?" पंतांचा आवाज फाटला. "पाया पडलो तेव्हा नाही, आणि चोरून दिलीस? वैरीण आहेस माझी! जा, समोर उभी राहू नकोस!"

ती वळली.

"थांब गं पोरी!" पळी खणकन पडली. सासूबाई सोवळ्यानिशी धावत आत आल्या आणि सुनेला त्यांनी घट्ट मिठी मारली. "मी दिली रे बाळ! बाजारातून आणवून तीर्थात कालवली... नाही रे बघवलं मला! हिला बोल लावू नकोस, मला लाव!"



"रडायला मागून वेळ आहे," जर्राह म्हणाला. "धरा."

दोघींनी धरलं. आईनं खांदे दाबले, मथुरेनं डोकं मांडीवर घेतलं. ती किंकाळी देवघरातल्या देवांनीही ऐकली असेल, पण आलं कुणी नाही! परातीत खडा पडला तेव्हा पंतांची शुद्ध हरपली होती.

"खडा निघालाय," हात धुताना जर्राह म्हणाला. "उद्याचं मात्र मी सांगत नाही."

दिवेलागणीला पंतांनी डोळे उघडले. अंग तापानं फणफणत होतं. सासूबाई दूर भिंतीशी बसल्या होत्या. पंतांनी आधी मथुरेचा हात चाचपून धरला, मग ओठ हलले, "आई... आज तीर्थ नाही दिलंस?"

"माझ्या हातचं? आता?" म्हातारीनं दोन्ही हात पदराखाली लपवले.

पंत तोंड उघडून वाट बघत राहिले.

मथुरा उठली, देवापुढचं पाणी घेऊन आली, आणि पळी तिनं सासूबाईंच्या हातात दिली. त्या हाताखाली तिनं आपला हात धरला. नुसतं पाणी होतं ते... पंतांनी डोळे मिटून घेतलं.