हात पुरतो तिथपर्यंत

बेल वाजली तेव्हा चष्मेवाला बाथरूममधल्या काचेच्या दाराशी झटत होता. एका हातात फवाऱ्याची बाटली, दुसऱ्यात जुन्या चादरीचा तुकडा, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली. रविवारी संध्याकाळी त्याच्याकडे कुणी येत नसे. तसं सोमवार ते शनिवारही कुणी येत नसे, पण रविवारचं न येणं जरा जास्त ऐकू यायचं.

त्यानं दार उघडलं. समोर एक उंच बाई उभी होती, डोक्यापासून पायापर्यंत पांढरी. केस पांढरे, भुवया पांढऱ्या, हातात रिकामी बादली.

"घाबरू नका, भूत नाही," ती म्हणाली. "मी समोरची. महिनाच झालाय राहायला येऊन. ही भिंतीची पुट्टी आहे... मी रंगारीण."

"बरं," तो म्हणाला.

"माझ्याकडे पाणी नाही. भिंतीतला पाइप फुटलाय. एक बादली मिळेल?" मग तिनं नाक जरा वर केलं. "लोणचं घालताय का?"

"काच पुसतोय."

"व्हिनेगरनं?"

"निम्मं व्हिनेगर, निम्मं पाणी, चार थेंब भांड्यांचा साबण. हट्टी डागाला ओल्या फडक्यावर खाण्याचा सोडा. बाकी काही लागत नाही."

"दोन्ही एकत्र करून बाटलीत भरत नाही ना? मी एकदा भरलं होतं. झाकण छताला जाऊन लागलं."

त्यानं बादलीकडे पाहिलं, मग तिच्या केसांकडे. "एका बादलीत तुमच्या भुवयासुद्धा निघणार नाहीत. आत शॉवर आहे. कडी आतून लागते."

तिनं बादली उंबऱ्याशी ठेवली. "माणूस बरे दिसता."

"चष्म्यामुळे तसं वाटतं."

आपण विनोद केला, हे त्याच्या जरा उशिरानं लक्षात आलं. दोन वर्षांत घरात कुणी हसलं नव्हतं. ती हसली तेव्हा त्याला उगीच मागं वळून पाहावंसं वाटलं, आत आणखी कुणी ऐकतंय की काय म्हणून.

अर्ध्या तासानं ती बाहेर आली तेव्हा तिचे केस काळेभोर निघाले होते. दारातून जाता जाता ती म्हणाली, "तुमच्या त्या काचेवरची रेघ पाहिली. खाली आरसपानी, वर दुधासारखं पांढरं. इतकी सरळ रेघ मला पट्टी चिकटवूनही येत नाही. वरचं कधी करणार?"

"करतो उद्या," तो म्हणाला. आणि दार लावून तिथंच उभा राहिला.

कारण हेच दोन शब्द तो आठ वर्षं बायकोला सांगत आला होता.

त्याची बायको चणीनं लहान. त्यात उजवा खांदा आखडलेला. हात कपाळाच्या वर जायचा नाही. लग्नानंतर या घरात आल्यावर तिनं पहिल्याच रविवारी कामाची वाटणी केली होती. "हात पुरतो तिथपर्यंत माझं, वरचं तुझं." इथलं पाणी क्षारांचं. आठवडाभर काच पुसली नाही की पांढरट दिसायची. ती दर रविवारी आपलं खालचं पुसायची, आणि तो म्हणायचा, करतो उद्या. दिवसभर लोकांच्या चष्म्याच्या काचा पुसून कंटाळा येतो गं. तीही कधी भांडली नाही. "तुझं तू बघ," एवढंच म्हणायची.

दोन वर्षांपूर्वी ती गेली. ताप आला, दवाखान्यात नेलं, आणि पाच दिवसांत सगळं आटोपलं. तेराव्या-चौदाव्या दिवशी तो अंघोळीला उभा राहिला तेव्हा ती रेघ त्याच्या डोळ्यांत भरली. बरोबर तिच्या कपाळाच्या उंचीवर. कपडे त्याच्या ताईनं नेऊन वाटून टाकले होते, आवाज कुठं साठवून ठेवलेला नव्हता, पण ती केवढी होती हे काचेवर राहिलं होतं. तेव्हापासून दर रविवारी तो तिच्या वाटणीचं पुसत आला. रेघेच्या खालचं, काटेकोर. आपल्या वाटणीच्या काचेला त्यानं बोटही लावलं नाही.

दुसऱ्या दिवशी सहा वाजता रंगारीण पुन्हा आली. त्या दिवशी ती हिरवी होती.

"शाळेच्या भिंती," ती म्हणाली. "कुणीतरी ठरवलंय की हिरव्या रंगानं पोरं गप्प बसतात."

"बसतात?"

"माझ्या डोक्यावर डबा पाडला. तुम्हीच ठरवा."

तिसऱ्या दिवशी त्यानं तिच्यासाठी वेगळा टॉवेल काढून ठेवला आणि मुद्दाम ठेवलाय हे दिसू नये म्हणून दोनदा जागा बदलली. चौथ्या दिवशी चहा टाकला. कप एकच धुतलेला असायचा, दुसरा शोधून विसळावा लागला. चहा पिताना ती डोळे बारीक करून भिंतीवरचं घड्याळ वाचत होती.

"तुम्हाला लांबचं दिसत नाही," तो म्हणाला.

"दिसतं."

"किती वाजले?"

"... वेळ बरी चाललीय."

तो उठला, आपली तपासणीची पेटी घेऊन आला आणि तिच्या डोळ्यांसमोर एकेक भिंग धरू लागला. "आधीचं बरं की आत्ताचं?"

"आत्ताचं."

"आणि हे?"

"हे आणखी बरं." ती घड्याळाकडे नव्हे, सरळ त्याच्याकडे पाहत होती. "अहो, तुमच्या डाव्या कानाच्या पाळीवर तीळ आहे."

त्याच्या हातातलं भिंग बशीत पडलं. फुटलं नाही. तो पुढं किती तरी वेळ ते पुसत बसला.

ती गेली की घर पुन्हा आपल्या जागी येऊन बसायचं. फ्रिजचा घुमणारा आवाज, जिन्यातला दिवा लागल्याचा खटका. आधी हे आवाज सोबतीसारखे वाटायचे. आता ते नुसते आवाज झाले होते, आणि त्याला सहा वाजायची वाट पाहिल्याची लाज वाटत होती.

पाचव्या दिवशी, गुरुवारी, ती गेल्यावर तो हात धुवायला बाथरूममध्ये गेला आणि थबकला. रेघेच्या वर, पांढऱ्या भागात, तळहाताएवढा एक चौकोन लख्ख निघाला होता. त्यातून पलीकडची टाइल दिसत होती. खालच्या कडेला रेघही थोडी खाल्ली गेली होती.

त्यानं जाऊन तिचं दार वाजवलं.

"काचेला हात लावायला कुणी सांगितलं होतं?"

ती चकित झाली. "अहो, नमुना काढला. आमच्यात काम धरायच्या आधी एक चौकोन करून दाखवतात, गिऱ्हाइकाला पटलं तर पुढं. मला वाटलं, तुमचा हात... म्हणजे कंटाळा येत असेल. म्हटलं, आठवडाभर पाणी वापरतेय, तेवढंच."

"मी गिऱ्हाईक नाही."

"नाही," ती हळूच म्हणाली. "तेही खरंच."

शुक्रवारी सहा वाजले, सात वाजले, बेल वाजली नाही. चष्मेवाला बाथरूममध्ये होता. तो त्या चौकोनावर पाणी उडवत होता, ते वाळू देत होता आणि पुन्हा उडवत होता. डाग परत पडावा म्हणून. बारा वेळा केलं. काच हट्टानं स्वच्छ राहिली. शेवटी तो कमोडचं झाकण टाकून त्यावर बसला. एवढी घाण साचायलाही वर्षं लागतात, हे त्याला तेव्हा कळलं. आणि ती वर्षं त्यानं कशी घालवली होती, तेही.

शनिवारी जिन्यात प्लंबर भेटला, पाना खांद्यावर टाकून.

"समोरच्या बाईंचं पाणी कधी सुरू होणार?" त्यानं विचारलं.

"त्यांचं? मंगळवारी दुपारीच केलं की. आता खालच्यांचा नळ गळतोय."

चष्मेवाला तिथंच जिन्यात उभा राहून बोटांवर मोजू लागला. मंगळवार, बुधवार, गुरुवार. तीन संध्याकाळी ती घरचं पाणी सोडून बादली घेऊन आली होती.

त्यानं तिचं दार वाजवलं. ती आली, पण दार अर्धंच उघडलं.

"तुमचं पाणी आलंय," तो म्हणाला.

"प्लंबरच्या पोटात काही राहत नाही."

"मी भांडायला नाही आलो. सांगायला आलोय." आणि त्यानं सांगितलं. खांद्याचं, वाटणीचं, रेघेचं. मध्ये थांबत, शब्द शोधत. "ते वरचं माझं होतं. आठ वर्षं केलं नाही."

तिनं दार पूर्ण उघडलं. "मला वाटलं, तुमचा हात पुरत नसेल."

"पुरतो. तेच तर."

मग तो म्हणाला, "उद्या करणार आहे. एकट्यानं होईल असं वाटत नाही... म्हणजे, होईल, पण..."

"मी येते. हात लावणार नाही."

"नका लावू. नुसत्या थांबा."

रविवारी त्यानं व्हिनेगर कोमट केलं. फडकी त्यात भिजवून वरच्या काचेवर चिकटवली आणि अर्धा तास जाऊ दिला. तो आत होता, ती काचेच्या बाहेर उभी. ती उंच. रेघेच्या खाली तिचे खांदे, कोपर, हातातला कप स्पष्ट दिसत होता. तोंड सगळं पांढऱ्यात बुडालेलं.

"आहात ना?" त्यानं दोनदा विचारलं.

"कुठं जाणार? पाणी आलंय माझं."

त्यानं फडकी काढली, सोडा लावला आणि घासायला लागला. आडवा हात. रेघ आधी पुसट झाली, मग तुटक, मग शोधूनही सापडेना. त्याचा हात थांबला. बाहेरून कुणी घाई केली नाही. थोड्या वेळानं त्यानं पुन्हा फडकं उचललं. आधी तिची हनुवटी दिसली, मग ओठ, नाक, मग डोळे. ते ओले होते.

"व्हिनेगर झोंबतंय," ती म्हणाली.

"मलाही."

वरच्या कोपऱ्यात एक ठिपका काही केल्या जाईना. "तुमच्या बाजूला आहे," तो म्हणाला.

"तुमच्याच असणार. मी वचन दिलंय हात न लावायचं."

"मी आडवं पुसतोय. तुम्ही उभं पुसा, मग कळेल कुणाचा ते." त्यानं दाराच्या वरून फडकं तिच्याकडे सोडलं. तिनं एकदाच वरून खाली हात फिरवला. ठिपका गेला. तिचा तळवा काचेवर तसाच राहिला, आणि जरा वेळानं आतून त्याचाही.

"झालं," तो म्हणाला. कुणाला, ते त्यालाही सांगता आलं नसतं. मग तो ओल्या फरशीवर बसला. ती "चहा ठेवते," म्हणून त्याला एकटं सोडून गेली.

बऱ्याच वेळानं स्वयंपाकघरातून हाक आली. "अहो, चहा कुठं आहे?"

"खालच्या फळीवर."

"साखर?"

"तीही खालीच."

तो तोंड पुसून दाराशी आला. ती वरच्या फळ्यांकडे पाहत होती. तिथं नुसती धूळ होती. वाटीपासून डब्यापर्यंत सगळं खाली, गुडघ्याच्या आसपास मांडलेलं.

"केवढी होती हो?" तिनं विचारलं.

त्याचा हात आपसूक वर आला आणि खांद्याशी आडवा थांबला. तो आपल्याच हाताकडे बघत राहिला. विचार करावा लागला नव्हता. कुठं बघावं लागलं नव्हतं.

रंगारणीनंही नीट पाहून घेतलं, भिंत पाहते तसं.

"उद्या याल?" त्यानं विचारलं. "बादलीशिवाय?"

"उद्याचं उद्या. आज चहा तर पिऊ द्या." ती खाली वाकली आणि डबा काढला. "आणि हे डबे आहेत तिथंच राहू देत. वाकायला मला काय धाड भरलीय."