तपकिरी कोषांचा गुन्हेगार

या, जवळ सरकून बसा पोरांनो. दाराशी उभ्या असलेल्यांनीही आत यावं, जागा पुष्कळ आहे. आज अशी गोष्ट ऐकवतो की तिच्यात फुलपाखरं आहेत, लपवाछपवी आहे, आणि एका हुशार मुलीची खाली गेलेली मान आहे.

त्या मुलीला सगळे कप्तान म्हणत. सुट्टीत धाकट्या भावाला, म्हणजे ढोल्याला घेऊन ती आत्याकडे आली होती. आत्याचं फुलपाखरांचं काचघर होतं. आत लिंबाची रोपं, रोपांवर सुरवंट, आणि शाळेची सहल आली की दारात चपलांचा डोंगर. आत्या कामासाठी बाहेरगावी गेली आणि कारभार आतोबांकडे आला. आतोबांना टापटिपीचं भारी वेड. सुरवंट कोष करायला ठेवायच्या पेट्यांतल्या वेड्यावाकड्या हिरव्या डहाळ्या त्यांनी उपटून काढल्या आणि वाळलेल्या सरळ काड्या रांगेत उभ्या केल्या.

थोड्याच दिवसांत त्या पेट्यांतले सगळे कोष तपकिरी निघाले. एरवी कसे पोपटी असायचे!

"मेले वाटतं," आतोबा म्हणाले. "रोग पडला. आता तुझ्या आत्याला काय सांगू?"

कप्तानला कुणी विचारलं नव्हतं. तरी ती सगळ्यांदेखत म्हणाली, "सफाईच्या मावशी फिनेलचे हात तसेच सुरवंटांना लावतात. मी पाहिलंय."

पाहिलं वगैरे काही नव्हतं. मावशी शेजारून गेल्या तेव्हा फिनेलचा वास आला होता, एवढंच. पण सगळे आपल्याकडे बघताहेत हे तिला बरं वाटलं.

मावशी हातातला पोछा धरून उभ्याच राहिल्या. "असेल बाई," त्या हळूच म्हणाल्या. "माझंच चुकलं असेल."

"काचघरात पाऊल टाकू नका," आतोबांनी हुकूम सोडला. "ही आली की तुमच्या कामाचं काय ते ठरवेल." आणि तपकिरी कोष काड्यांसकट दोन परातींत काढून त्यांनी एक परात मागच्या अंगणातल्या कचरा जाळायच्या पिंपात रिकामी केली.

आत्याचा मुलगा शंकोबा तेवढा कोषांकडेच बघत होता. त्याला कशाचीच चटकन खात्री पटत नसे, म्हणून ते नाव. आतोबांची पाठ वळल्यावर त्यानं उरलेल्या परातीतल्या एका कोषाला हलकेच बोट लावलं.

"कप्तान, मेलेलं हलतं का गं?"

"शहाणाच आहेस. मेलेलं कसं हलेल?"

"मग हा वळवळला तो कशाला? मला नमस्कार करायला?"

कप्ताननं बोट लावलं. कोष वळवळला. दुसरा वळवळला. तिसराही. तिनं पिंपाकडे पाहिलं. धूर अजून निघत होता.

"ही परात लपवायची," ती म्हणाली. आवाज नेहमीच्या कप्तानचा राहिला नव्हता.

परात न्हाणीघरात गेली आणि आत बसून ढोल्यानं कडी लावली. आतोबा दार ठोठावत तेव्हा आतून कण्हत उत्तर येई, "पोट बिघडलंय, आतोबा."

"सकाळीही बिघडलं होतं की!"

"तेच आहे. नवीन नाही."

शेवटी आतोबा शेजाऱ्यांकडे आंघोळीला जाऊ लागले.

इकडे शंकोबाला दाराआड विसरून राहिलेलं लिंबाचं एक रोप सापडलं. त्याच काचघरात, त्याच हवेत, आणि त्यावरचा कोष हिरवागार! "रोग काय डहाळी बघून पडतो?" तो म्हणाला. "एकाच रोपावरचे सुरवंट घेऊ. अर्धे काडीवर, अर्धे डहाळीवर. आणि सगळे मावशींच्याच हातानं ठेवायचे. नाहीतर फिनेलची शंका राहीलच."

मावशींना बोलवायला कप्तान गेली. त्या मोरीपाशी घासणीनं आपलेच हात घासत होत्या. बोटांची सालं निघाली होती.

"मला नको सांगूस, बाई," त्या म्हणाल्या. "मुके जीव आहेत. पुन्हा पाप नको."

कप्तानला वाटलं, तिथल्या तिथे जमिनीत शिरावं. 'मी खोटं बोलले' हे शब्द ओठांपर्यंत आले आणि परत फिरले. "एकदाच या," एवढंच ती कसंबसं म्हणाली.

आतोबा शेजाऱ्यांकडे आंघोळीला गेले तेव्हा मावशींनी काचघरात येऊन एकेक सुरवंट ठेवला. ते स्थिरावले, कात टाकून कोष झाले. काडीवरचे तपकिरी, डहाळीवरचे हिरवे.

आत्या परतली, तेव्हा न्हाणीघरातल्या परातीतून पहिली फुलपाखरं पंख वाळवत बाहेर येत होती. तिनं सगळं ऐकलं आणि नवऱ्याकडे बघून कपाळाला हात लावला. "अहो, रोग कसला? कोष करायला बसताना सुरवंट जागा चाचपतो. जिवंत डहाळी, भोवती पानं, की अंगरखा हिरवा. वाळकी खरखरीत काडी, की तपकिरी. पाखरांच्या नजरेत येऊ नये म्हणून. देवानं एकाच जिवात दोन्ही रंगांची सोय करून ठेवलीय, जशी जागा मिळेल तसा तो नेसतो. आत फुलपाखरू तेच."

आतोबा खजील होऊन चष्मा पुसत राहिले. "पोरांनो, तुम्ही होतात म्हणून वाचले हे," ते म्हणाले. आत्यानं कप्तानच्या पाठीवर थाप दिली. "खरी कप्तान शोभतेस."

ती थाप कप्तानला सोसेना.

"मी काही पाहिलं नव्हतं," ती म्हणाली. सगळे होते, मावशीही होत्या. "मावशींचं नाव मी उगाच घेतलं. परात जळली ती माझ्यामुळे. कोष वळवळताना कळलं होतं, तरी इतके दिवस बोलले नाही."



मावशींनी पदरानं हात पुसले. "बरं झालं सांगितलंस," त्या म्हणाल्या. "इतके दिवस नातवाला ह्या हातानं घास भरवला नाही मी. त्यालाही काही होईल, वाटायचं." आणि पोछा उचलता उचलता, "आज भरवीन."

त्यांनी माफ केलं की नाही, ते कप्तानला कळलं नाही. विचारायची तिची छाती झाली नाही.

झाली गोष्ट. आता एक मागणं आहे. आज दिवेलागणीला देवापुढे घरच्यांसाठी मागाल, तेव्हा त्या मावशींचीही आठवण ठेवा.