आकृती सात

बीडच्या बसस्थानकासमोरच्या टायपिंगच्या दुकानात आदिनाथ शाळेच्या गणिताच्या एका गाईडसाठी संगणकावर वर्तुळं काढत बसला होता. मागून आवाज आला, "ओ भाऊ, झेरॉक्स..." आणि मग एकदम, "थांबा, थांबा! हे गोल लई भारी रंगवलेत. एका अंगानं ऊन पडल्यागत!"

आदिनाथनं वळून पाहिलं आणि पाहतच राहिला. मुलगी नेकनूरची, नाव उज्ज्वला, मातीवर पीएच.डी. करते... हे सगळं त्याला पुढच्या पाच मिनिटांत कळलं, कारण बोलण्यासाठी तिला कुणी काही विचारायची गरज नव्हती. प्रबंधातली सातवी आकृती तिला कुठेच मनासारखी मिळाली नव्हती. माजलगावच्या उसाच्या रानातली माती आतून कशी दिसते, ते तिला दाखवायचं होतं. लहानमोठे कण, कसेही विखुरलेले, प्रत्येकाची छटा वेगळी.

"उद्या या मॅडम. झालं म्हणून समजा."

दुसऱ्या दिवशी आकृती पाहून ती तोंडाला ओढणी लावून हसायला लागली.

"काय चुकलं?"

"एकबी कण दुसऱ्याला शिवत न्हाई की हो! पंगतीला बसवलेत का यांना? माती अशी सोवळ्यात ऱ्हात न्हाई. कुठं दाटी, कुठं मोकळं..."

तिचं खरंच होतं. माणूस हातानं 'कसंही' मांडायला गेला, की ते नेमकं नीटच मांडलं जातं. त्यात आदिनाथचा हात भलताच शिस्तीचा. मग कण कुठे पडायचे, ते ठरवायचं काम त्यानं संगणकावरच सोपवलं. तूच फेक बाबा कण, मूठभर दाणे फेकल्यासारखे! आणि पडद्यावर खरोखरची माती उमटली. उज्ज्वला इतकी खूश झाली, की तिचं हसणं पाहून आदिनाथ चहा मागवायचंही विसरला.

पण गोम अशी, की फाइल जितक्या वेळा चालवावी, तितक्या वेळा संगणक मूठ नव्यानं फेकी आणि कण नव्या जागी पडत. मजकुरात तिनं लिहिलं, 'वर डावीकडे तीन कण चिकटलेले आहेत', आणि छापलं तर तिथं ठणठणाट! ती परत आली. मजकूर बदलून फाइल पुन्हा चालवली, तर कण पुन्हा हलले. ती पुन्हा आली, या वेळी पिशवीत घरची सीताफळं घेऊन.

खरं सांगायचं, तर फाइलीच्या सुरुवातीला एक ठरलेला आकडा लिहिला, की कण जागचे हलत नाहीत. आदिनाथला हे पहिल्यापासून ठाऊक होतं. पण लबाडानं लिहिला नाही. आकृती पक्की झाल्यावर ही कशाला येईल?

गुरुवारी ती आली ती रडवेल्या तोंडानं.

"आमच्या गाईड मोहिनी मॅडम म्हणल्या, आकृती जुळल्याबिगर सही न्हाई. उद्या शेवटची तारीख हाय. पाच वर्षं घातलीत मी... तुमाला जमत नसंल तर सरळ सांगा."

आदिनाथनं लगेच आकडा टाकला आणि फाइल तीनदा चालवून दाखवली. एकही कण हलला नाही.

"हे आधी येत न्हवतं?"

"येत होतं."

"मग कावून केलं न्हाई?"

"केलं असतं, तर... तुमी परत आल्या नसत्या."

उज्ज्वला ताडकन उठली. "माझा जीव टांगणीला, अन् तुमी माझ्या चकरा मोजत बसलात?" तिनं छापून आलेल्या प्रती उचलल्या आणि मागे वळूनही न पाहता निघून गेली.

चार दिवस आदिनाथचं कामात लक्ष लागेना. आपणच आपल्या हातानं पायावर धोंडा पाडून घेतला, याला दुसरं कोण काय करणार?

मंगळवारी दुपारी ती दारात उभी होती. हात रिकामे. ना कागद, ना पिशवी.

"सही... झाली?" त्यानं भीत भीत विचारलं.

"झाली."

"मग आता काय काम काढलं?"

"काईच न्हाई. बिनकामाचीच आले." तिनं खुर्ची ओढली. "राग हाय अजून. पण बोला, काय बोलायचं होतं ते."

आदिनाथनं माउस बाजूला सारला. "उज्ज्वला... तुमी मला लई आवडता. पहिल्या दिवसापासून."

"हे तवाच सांगितलं असतं, तर माझ्या चकरा तरी वाचल्या असत्या!" ती म्हणाली. मग गालातल्या गालात हसत उठली. "आता चक्कर तुमची. रविवारी आईला घिऊन नेकनूरला या. आमच्या आप्पांना मी सांगून ठेवलंय."