थंड झालं की नेतो

माझं काम लिफ्ट तपासण्याचं. दोर, ब्रेक, मोटार बघायची, सही करायची, मग लोक निर्धास्तपणे वर-खाली करतात. त्यामुळे एखादी गोष्ट 'आपोआप झाली' असं कुणी म्हटलं की मी आधी पाना शोधते. हा स्वभाव बाबांकडून आला. त्यांच्याकडून आणखी एक गोष्ट आली, ती म्हणजे त्यांची गाडी.

गाडी माझ्याहून वयाने मोठी. रंग गडद हिरवा, सीट जुन्या सोफ्यासारख्या, आणि ड्रायव्हरच्या बाजूचं दार एका फटक्यात कधीच लागत नाही. बाबा ते एकदा जोरात आपटायचे, मग जरा थांबून हलकेच पुन्हा ढकलायचे. त्या दुसऱ्या आवाजावर आई चहाचं आधण ठेवायची. कधी डुलकी लागून आवाज चुकलाच, तर ती गॅरेजमध्ये जाऊन बॉनेटवर तळहात टेकवायची. चटका बसला तर आत्ताच आलेत, कोमट असेल तर येऊन आंघोळीला गेलेत, गार असेल तर केव्हाचे येऊन पडलेत. तिचा अंदाज सहसा चुकत नसे.

बाबांना जाऊन बरीच वर्षं झाली. आई आता आमच्याकडे असते आणि गाडीही. रविवारी सकाळी आई, मी आणि माझा नवरा त्या गाडीतून फिरून येतो. रोज संध्याकाळी मात्र आई एकटी गॅरेजमध्ये जाते, बॉनेटवर हात ठेवते, परत येऊन "गार आहे" म्हणते आणि जेवायला बसते. सुरुवातीला मी हातातला घास ताटात ठेवायचे. मग कळलं, बाबा नाहीत हे ती रोज एकदा हाताने तपासून घेते आणि मोकळी होते. नंतर ती व्यवस्थित जेवते, पत्त्यांत माझ्या नवऱ्याला हरवते, आणि राजरोस लबाडी करते. आमचं घर सुखी आहे, हे मी नजर लागेल म्हणून एरवी बोलत नाही.

गाडीचं इंजिन मूळचं नव्हतं. बाबांनी कधीतरी ब्लॉक, म्हणजे इंजिनाचा मुख्य लोखंडी सांगाडा, बदलून घेतला होता, का ते कधी सांगितलं नाही. आमचा मेकॅनिक, ज्याला सगळे बोल्टमामा म्हणतात, तो एक दिवस धापा टाकत आला. गावाबाहेरच्या एका लेथवाल्या काकांच्या शेडमध्ये मूळ ब्लॉक पडलेला आहे आणि त्यावरचा नंबर गाडीच्या कागदांशी तंतोतंत जुळतोय, असं त्याचं म्हणणं. मी हातातलं काम टाकून निघाले. नवरा म्हणाला, लोकांच्या बायका माहेरून साड्या आणतात, माझी लोखंड आणणार.

शेड पत्र्याची होती. लेथच्या बाजूला लोखंडाच्या चकचकीत कुरळ्या सांडलेल्या, कापणीच्या तेलाचा वास. कोपऱ्यात दोन लाकडी ओंडक्यांवर ब्लॉक होता. काकांनी ताडपत्री काढली. मी खाली बसून नंबरावरची धूळ पुसली आणि मला अगदी लहान झाल्यासारखं वाटलं. मग सवयीने हात टेकवला. ब्लॉक गरम होता.

पत्रा तापलाय, मी म्हटलं. काकांनी ताडपत्री पुन्हा ओढली.

किंमत रास्त होती. तरी मी विचार करून सांगते म्हणाले. दुसऱ्या खेपेला मुद्दाम ढगाळ, बोचऱ्या थंडीच्या सकाळी गेले. लेथचं लोखंड हाताला झोंबत होतं. ताडपत्रीखालचा ब्लॉक मात्र नुकत्याच बंद केलेल्या गाडीइतका गरम. लिफ्टच्या मोटारींचं तापमान बघायचं यंत्र माझ्या पिशवीत असतंच. मी ते लावलं, सेल बदलून पुन्हा लावलं. ते माझ्या हाताशी सहमत होतं. मग कान जवळ नेला. आतून टक्, टक्, असा आवाज येत होता. इंजिन बंद केल्यावर निवताना धातू करतो, तसा.

"हे असंच आहे," काका म्हणाले. "तुझे वडील घेऊन आले तेव्हापासून. माझ्याकडचा दुसरा ब्लॉक बसवून घेतला आणि म्हणाले, हा असू दे तुमच्याकडे. थंड झालं की नेतो."

"आणि तुम्ही कधी कुणाला सांगितलं नाही?"

"काय सांगायचं? थंडीत मी डबा त्यावरच ठेवतो."

मला हसू आलं. अंगावर काटा आला होता, तरी तो ब्लॉक मला हवाच होता. कारण सापडेल, असं मी स्वतःला समजावलं. घरी येऊन आईला सगळं सांगितलं. तिने पत्ते खाली ठेवले. हातात चांगली पानं असताना ती पत्ते खाली ठेवत नाही.

"त्या इंजिनामुळे गाडी खोटं बोलायला लागली होती," ती म्हणाली. "केव्हाही हात लावला की वाटायचं, आत्ताच आलेत. मी चहा टाकायची आणि हे आत घोरत पडलेले. मीच म्हटलं, काढून टाका ते."

"मग नको आणू?"

"तुझी गाडी, तू ठरव." ती पुन्हा पत्ते लावू लागली.

संध्याकाळी ती गॅरेजमधून आली, "गार आहे" म्हणाली आणि भात वाढून घेतला. मी तिच्याकडे बघत राहिले. तो ब्लॉक गाडीत बसला, तर रोज संध्याकाळी तिच्या हाताला काय लागेल? आत्ताच आलेत. रोज. ती जेवायची थांबेल आणि दाराकडे बघत बसेल. अस्सल गाडीपेक्षा मला जेवणारी आई हवी होती. ठरवलं, नाही घ्यायचा. इतकं हलकं वाटलं की रात्री भांडी घासताना मी गुणगुणत होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी कामावरून सुटून मी नकार सांगायला शेडवर गेले. ओंडके रिकामे होते. ताडपत्री नीट घडी घालून बाजूला ठेवलेली.

"काल थंड झालं," काका म्हणाले. "हात लावला तर बर्फ. मी कुलूप लावून घरी गेलो. सकाळी कुलूप जसंच्या तसं, आणि आत हे."

चोरी झाली, मी म्हटलं. चौघांशिवाय उचलला जाणार नाही असा तो ब्लॉक. तक्रार करा.

"कुणाची?" काका म्हणाले, आणि लेथ सुरू केला.

मी बसने घरी आले. भंगारवाल्यांची टोळी असेल, मी स्वतःशी म्हटलं. वाईट वाटत नव्हतं. घ्यायचा की नाही हा प्रश्नच मिटला होता.

नवरा अजून कामावरून यायचा होता. उन्हं कलली होती. आई नेहमीसारखी गॅरेजमध्ये गेली आणि जरा उशिराने परत आली. ती "गार आहे" म्हणाली नाही. ओट्यापाशी जाऊन तिने आधण ठेवलं आणि वरच्या फळीवरचा बाबांचा मोठा कप उतरवला.

मी गॅरेजमध्ये गेले. गाडी रविवारपासून हलली नव्हती. किल्ली माझ्या पिशवीत होती. बॉनेटवर हात टेकवला आणि चटका बसून मागे घेतला.

काचेतून आत वाकून पाहिलं. सीट रिकाम्या होत्या.

टक्, टक्.

बॉनेट उघडून नंबर बघायचा होता. जन्मभर मी सगळं उघडून बघत आले. तेवढं उघडलं नाही.

मी स्वयंपाकघरात आले आणि आईच्या शेजारी उभी राहिले. तिने आलं किसलं. चेहरा शांत होता, लाडाने रागावल्यासारखा. पाण्याला उकळी फुटत होती.

गॅरेजमध्ये गाडीचं दार जोरात आपटलं.

आईने चिमटीतली चहाची पूड तशीच धरून ठेवली.

मग जरा थांबून, हलकेच, पुन्हा एकदा.